इंग्रजी ग्रामर शिकायचंय? आधी आपली मराठी हात कुठे ओढते ते शोधा

इंग्रजी वाचलं की कळतं, समोरचा बोलला तरी बऱ्यापैकी कळतं, पण स्वतः लिहायला बसलं की हात अडखळतो, हे ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितेय. अगदी एबीसीडीपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी नाही. ज्यांनी शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी विषय केलाय, टेन्सची बारा नावं पाठ आहेत, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून मार्कही मिळवलेत आणि तरी घाईत "आय डिडन्ट वेन्ट" तोंडातून निघून जातं, त्यांच्यासाठी.

मी तिथेच होते. पहिल्या नोकरीत एका वरिष्ठ मॅडमनी माझ्या एका मेलची प्रिंट काढली, पेन्सिलने दुरुस्त केली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. छोटासा मेल, आणि त्यावर अकरा खुणा. तेव्हा खूप वाईट वाटलं, पण रात्री घरी शांतपणे तो कागद घेऊन बसले आणि खुणा मोजत गेले तेव्हा लक्षात आलं की अकरा चुका अकरा प्रकारच्या नाहीतच. चार ठिकाणी "द" किंवा "अ" गाळलाय, तीन ठिकाणी प्रिपोझिशन चुकलंय आणि उरलेल्या चार क्रियापदाच्या रूपाच्या. म्हणजे तीनच खड्डे, त्यांच्यातच परत परत पडलेली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातलं प्रत्येक वाक्य मी मनात मराठीत म्हणून बघितलं तर ते मराठी अगदी बरोबर होतं. मी इंग्रजी शब्द वापरून मराठी लिहीत होते.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की आपल्या चुका कशाही, कुठेही होत नाहीत, त्या आपल्या भाषेतून येतात, आणि म्हणूनच त्या मोजक्या असतात आणि त्यांचा माग काढता येतो. ग्रामरचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करून शेवटपर्यंत जायची गरज नाही. त्यातलं निम्मं तुम्हाला येतंच. जिथे मराठी आणि इंग्रजी वेगळ्या वाटेने जातात तेवढ्याच जागा पकडायच्या आणि तिथे मेहनत घ्यायची.

कामाला सुरुवात अशी करा. गेल्या महिनाभरात तुम्ही इंग्रजीत जे काही लिहिलंय, मेल, मेसेज, अर्ज, काहीही, त्यातलं साधारण एक पानभर काढा. चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तरी ते तपासून घ्या, फक्त त्यांना सांगा की सुधारून देऊ नका, चुकलंय तिथे नुसती खूण करा. मग एक वही घ्या, प्रत्येक प्रकारच्या चुकीला एक पान द्या. डाव्या बाजूला तुमचं वाक्य, उजवीकडे बरोबर वाक्य आणि खाली त्याचं मराठी. हे खालचं मराठी लिहायचा कंटाळा करू नका, कारण खरं उत्तर तिथेच सापडतं. आता मराठी माणसाच्या वहीत हमखास कुठली पानं निघतात ते सांगते.

पहिलं पान "मला"चं. मराठीत कितीतरी वाक्यं "मला"ने सुरू होतात. मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, मला आवडतं, मला आठवतंय, मला समजलं, मला हवंय, मला भीती वाटते. या सगळ्यात माणूस "ला" लावून बाजूला बसतो आणि वाक्याचा कर्ता वेगळाच असतो, भाऊ, ताप, भीती. इंग्रजीला हे चालत नाही, तिला माणूस पुढे लागतो, तोच कर्ता. आय हॅव टू ब्रदर्स. आय हॅव अ फीवर. आय लाइक इट. आय रिमेंबर. आय ॲम अफ्रेड. शिवाय "हॅव" या अर्थाचं क्रियापदच मराठीत नाही, आपण सगळं "आहे"वर भागवतो, माझ्याकडे वेळ आहे, माझ्यात हिंमत आहे, मला एक अडचण आहे. त्यामुळे मनात "मला", "माझ्याकडे" किंवा "त्याला"ने सुरू होणारं वाक्य आलं की तिथेच थांबायची सवय लावा, तो "ला" काढा, माणसाला पुढे उभं करा आणि मग इंग्रजी क्रियापद शोधा. एवढी एकच सवय लागली तरी लिहिण्यात फार फरक पडतो, खरंच करून बघा.

याच पानावर "आय ॲम हॅविंग", "आय ॲम नोइंग", "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग" हे पण येतं. आपण म्हणतो "मला समजत नाहीये", "मला हवंय", त्यात "आहे" असतं म्हणून हात आपोआप "ॲम" आणि "इंग"कडे जातो. इंग्रजीत नो, अंडरस्टँड, वॉन्ट, नीड, लाइक, बिलीव्ह, रिमेंबर, बिलाँग ही क्रियापदं एक स्थिती सांगतात, काही चाललेलं काम सांगत नाहीत, म्हणून सहसा "इंग" घेत नाहीत. "हॅव"चा अर्थ "जवळ असणं" असेल तर तोही घेत नाही, पण "वी आर हॅविंग अ मीटिंग" बरोबर आहे कारण तिथे मीटिंग चालू आहे, काहीतरी घडतंय. हा फरक कळला की "हॅविंग म्हणजे चूक" असं सरसकट पाठ करायची वेळ येत नाही.

आता "द" आणि "अ". हे पान सगळ्यात जाड होतं, माझंही झालं. सगळे सांगतात की मराठीत आर्टिकलच नाही म्हणून आपल्याला जमत नाही. शब्द नाही हे खरं, पण ती समज आपल्याकडे पुरेपूर आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. "टेबलावर पुस्तक आहे." आणि "पुस्तक टेबलावर आहे." दोन्हीत शब्द तेच, पण पहिलं वाक्य आपण टेबलावर काय आहे ते सांगताना म्हणतो, पुस्तकाचा विषय आधी निघालेला नसतो. दुसरं म्हणतो ते कुणीतरी "पुस्तक कुठेय?" विचारल्यावर, म्हणजे कुठलं पुस्तक ते दोघांनाही माहीत असतं. इंग्रजीत पहिलं होईल "देअर इज अ बुक ऑन द टेबल" आणि दुसरं होईल "द बुक इज ऑन द टेबल". आपण जे काम शब्दांची जागा बदलून करतो ते इंग्रजी आर्टिकलने करते, बास.

म्हणून नाम आलं की स्वतःला एकच प्रश्न विचारा, ऐकणाऱ्याला "कुठला?" हे कळलंय का? कळलं असेल तर "द". मग ते आधी बोलण्यात आलंय म्हणून असेल, एकच आहे म्हणून असेल, द सन सारखं, किंवा पुढच्या शब्दांनी ठरतंय म्हणून असेल, द मेल यू सेंट मी, कारण नंतर बघता येईल. कळलं नसेल आणि वस्तू मोजता येण्यासारखी, एकच असेल तर "अ". आणि सगळ्यांबद्दल सर्वसाधारण बोलत असाल तर अनेकवचन वापरा आणि काहीच लावू नका, डॉग्ज आर लॉयल. मराठीत आपण "कुत्रा इमानी असतो" असं एकवचनात म्हणतो, तेव्हा एका कुत्र्याबद्दल बोलत नसतो, तिथे इंग्रजीत गाडी फसते.

"अ" की "ॲन" याचा तर आपल्याकडे फार सुंदर उपाय आहे आणि तो कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. युनिव्हर्सिटी "य"ने सुरू होते म्हणून अ युनिव्हर्सिटी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर यू असलं तरी. अवर म्हणजे तास, "अ"ने सुरू होतो, म्हणून ॲन अवर. ॲन ऑनेस्ट मॅन. अ युरोपियन कंट्री. अ वन-वे स्ट्रीट, कारण "वन"मध्ये "व" आहे. ॲन एमबीए, कारण "ए". नियम उच्चारावर चालतो आणि आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे स्पेलिंग बघून गोंधळायची वेळच येत नाही.

मोजता येणारी आणि न येणारी नामं यावर फार वेळ घालवू नका, इथे मराठी मदत करते. माहिती, सामान, फर्निचर यांचं अनेकवचन आपणही करत नाही, मग इन्फर्मेशन, लगेज, फर्निचर यांना "एस" लावायचा नाही हे लक्षात राहतं. जिथे मराठी करते आणि इंग्रजी करत नाही तेवढी नावं वहीत लिहा. सल्ले, पण ॲडव्हाइस. बातम्या, पण न्यूज, आणि न्यूज शेवटी "एस"सारखी दिसली तरी "द न्यूज इज गुड". केस पांढरे झाले, पण हर हेअर इज ग्रे. एकच हवं असेल तर अ पीस ऑफ ॲडव्हाइस.

क्रियापदांकडे येऊ. बारा टेन्सच्या तक्त्यापेक्षा आधी एक नियम पक्का करा, एका क्रियापदाच्या गटात काळाची खूण एकदाच लागते आणि ती पहिल्या शब्दावर. "मी गेलो नाही" यात मराठी "गेलो" भूतकाळातच ठेवते, नकार वेगळा शेवटी येतो. म्हणून आपण "डिड नॉट" लिहून पुढे परत "वेन्ट" लिहितो. डिडने भूतकाळ उचललाय, आता पुढचं क्रियापद रिकाम्या हाताने चालायला हवं, डिड नॉट गो. ही डझन्ट नो, डझन्ट नोज नाही, कारण तो "एस" डझमध्ये गेलाय. ही कॅन स्विम, शी शुड गो, इथे तर "एस"चा प्रश्नच नाही. प्रश्न विचारतानाही हेच, व्हेअर डिड यू गो.

यानंतरची मोठी जागा "पासून". "मी इथे तीन वर्षांपासून काम करतेय" हे वाक्य सरळ उचलून आपण लिहितो "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स", आणि त्यात दोन चुका आहेत. मराठीत "पासून" दोन्हीला चालतं, तीन वर्षांपासून आणि २०२१ पासून. इंग्रजी विचारते की तू लांबी सांगतेस की सुरुवातीचा क्षण? लांबी असेल तर फॉर, फॉर थ्री इयर्स, फॉर टू आवर्स. सुरुवात असेल तर सिन्स, सिन्स २०२१, सिन्स मंडे, सिन्स आय जॉइन्ड. दुसरी चूक क्रियापदाची. मराठीला "करतेय" एवढं पुरतं कारण काम अजून चालू आहे. इंग्रजीला ते मागून सुरू झालंय हेही क्रियापदातच दाखवायचं असतं, म्हणून आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.

त्याच्याच जवळची चूक म्हणजे "आय हॅव सेंट द मेल यस्टरडे". "मी काल मेल पाठवलाय" हे मराठीत एकदम सहज आहे, म्हणून इंग्रजीत चुकतंय हे कानाला कळतच नाही. कसोटी सोपी आहे, वाक्यातच "कधी?"चं उत्तर असेल, यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, तर हॅव बाहेर काढा, आय सेंट द मेल यस्टरडे. वेळ सांगितलीच नसेल आणि मुद्दा एवढाच असेल की काम झालंय, तर आय हॅव सेंट द मेल. अमेरिकन लोक "आय ऑलरेडी सेंट इट" असंही सर्रास म्हणतात, ती त्यांची पद्धत आहे, ऐकून गोंधळू नका. पण यस्टरडेबरोबर हॅव ब्रिटिशही घालत नाहीत आणि अमेरिकनही.

"तर"वाली वाक्यं. "तो आला तर मी जाईन." बघा, मराठी चक्क उद्याच्या गोष्टीसाठी "आला" हे भूतकाळाचं रूप वापरते आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजी तिथे वर्तमानाचं रूप वापरते, इफ ही कम्स, आय विल गो. पण लिहिताना आपण विचार करतो की हे तर पुढचं आहे, आणि दोन्हीकडे "विल" टाकतो. विल फक्त "मी जाईन"च्या बाजूला. व्हेन, अंटिल, बिफोर, ॲज सून ॲज यांनाही हेच लागू, आय विल कॉल यू व्हेन आय रीच. आणि जे घडलंच नाही त्याबद्दल, "तू सांगितलं असतंस तर मी आले असते", इथे मराठीत "असतं" आणि "असते" दोन्ही बाजूंना आहे म्हणून आपण वुड हॅव दोन्हीकडे लावतो. इंग्रजीत इफच्या बाजूला हॅड आणि दुसऱ्या बाजूला वुड हॅव, इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम. हे वाक्य मी रोज सकाळी वेगवेगळी क्रियापदं घालून मोठ्याने म्हणायचे, साधारण पंधरा दिवस, आणि नंतर ते कधी चुकल्याचं आठवत नाही. काही रचना समजून येत नाहीत, तोंडाला बसाव्या लागतात.

प्रिपोझिशनचे नियम शोधत बसू नका. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, ॲट म्हणजे नेमकी जागा, हे जागेपुरतं ठीक आहे, पण क्रियापदाबरोबर येणारं प्रिपोझिशन हे त्या क्रियापदाचाच भाग समजा आणि तसंच पाठ करा. "ऐकणे" म्हणजे लिसन असं वहीत लिहूच नका, लिसन टू असं लिहा. रिप्लाय टू, एक्स्प्लेन टू, पण आस्क हिम, टेल हिम, आन्सर मी, यांना मराठीत "ला" असलं तरी इंग्रजीत मध्ये काही नाही. "विषयावर चर्चा केली" म्हणून डिस्कस अबाउट होतं, ते नुसतं डिस्कस. "गणितात हुशार" म्हणून गुड इन, ते गुड ॲट. "त्याच्यावर चिडली" म्हणून अँग्री ऑन, ते अँग्री विथ. "त्याच्याशी लग्न झालंय" म्हणून मॅरीड विथ, ते मॅरीड टू. कधीकधी जुळतंही, "त्याच्यावर अवलंबून" आणि डिपेंड ऑन, तिथे डोकं लावायचं काही कारण नाही.

काही छोट्या गोष्टी भराभर सांगते. "ना?" हा एकच शब्द आपल्याला सगळीकडे पुरतो म्हणून "इझन्ट इट?" सगळीकडे लावला जातो, पण इंग्रजीत शेपूट वाक्याच्या क्रियापदाप्रमाणे बदलतं, यू आर कमिंग, आरन्ट यू? ही वेन्ट, डिडन्ट ही? नसेल जमत तर "राइट?" म्हणा, बोलताना चालतं. "तू येणार नाहीस का?" याला आपण "हो, नाही येणार" म्हणतो, इंग्रजीत "नो, आय ॲम नॉट". "जरी-तरी" जोडीने येतात म्हणून ऑल्दोच्या पुढे बट येतो, दोन्हीपैकी एकच ठेवा. "इथेच" म्हणून "हिअर ओन्ली" होतं, "च"साठी बरेचदा राइट हिअर, द सेम डे, ही हिमसेल्फ अशी वेगवेगळी सोय करावी लागते किंवा नुसता जोर देऊन म्हणावं लागतं. "आज सकाळी" म्हणजे धिस मॉर्निंग आणि "काल रात्री" म्हणजे लास्ट नाइट. "ते कुठे आहेत सांगाल का?" यात आतला प्रश्न सरळ होतो, कॅन यू टेल मी व्हेअर ही इज, इज ही नाही. आणि वडिलांना, सरांना आपण "ते" म्हणतो, इंग्रजीत ही, माय फादर इज कमिंग, त्यात आदर कमी होत नाही.

आदराचं निघालंच आहे तर "यू"बद्दल सांगते, कारण यातून बरंच कळतं. एकाच माणसाला "यू आर" का, "यू इज" का नाही? कारण "यू" मुळात "तू" नाहीच, ते अनेकवचन, आणि पुढे आपल्या "तुम्ही"सारखं मानाचंही. "तू"साठी इंग्रजीत "दाऊ" होतं आणि ते सतराव्या शतकात सर्वसाधारण बोलण्यातून जवळपास नाहीसं झालं. म्हणजे इंग्रजीत सगळे एकमेकांना "अहो-जाहो" करतात, आणि "यू वर"मधलं "वर" अनेकवचनाचं आहे. पण सगळेच "तुम्ही" झाले की मान दाखवायची सोय सर्वनामात उरत नाही. मराठीत "फाइल पाठव", "फाइल पाठवा", "फाइल पाठवाल का" या पायऱ्या क्रियापद करतं. इंग्रजीत "सेंड मी द फाइल" हे पाठव आणि पाठवा दोन्ही असू शकतं, आणि अनोळखी माणसाला ते तोडून टाकल्यासारखं लागतं. तिथे "पाठवाल का" हवं असेल तर कुड यू सेंड मी द फाइल, वुड यू माइंड सेंडिंग इट. नुसतं प्लीज लावलं की काम भागलं असं समजू नका, प्लीज लावूनही हुकूम हा हुकूमच राहू शकतो.

शब्द निवडतानाही थोडा इतिहास माहीत असला तर फायदा होतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबाराची, वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच होती, लोक बोलत होते इंग्रजीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाला दोन दोन थर झाले. आस्क आणि इन्क्वायर, हेल्प आणि असिस्ट, बिगिन आणि कमेन्स, बाय आणि परचेस. पहिले जुने, घरचे, दुसरे फ्रेंचमधून आलेले आणि कागदावरचे. आपल्याला हे लगेच कळायला हवं कारण आपल्याकडे पाणी आणि जल, हात आणि हस्त आहेतच. मित्राला कुणी "जल प्राशन कर" म्हणत नाही, तसंच मैत्रिणीला "आय हॅव परचेस्ड अ बॅग" लिहू नका, आय बॉट अ बॅग. आपल्यातले बरेच जण इंग्रजी पुस्तकांतून आणि अर्जांतून शिकले, म्हणून आपलं साधं बोलणंही जड होतं. जड शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी ही समजूत आधी सोडा. बिगिन, फाइंड आउट, पुट ऑफ, गिव्ह अप, असे छोटे शब्द नीट वापरता येणं जास्त अवघड आहे आणि जास्त कामाचं आहे.

डिक्शनरी कुठली वापरता याला महत्त्व आहे. इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थ देते, वापर देत नाही. शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या लर्नर्स डिक्शनऱ्या असतात, त्यात अर्थ साध्या दोन-तीन हजार शब्दांत समजावलेला असतो, नाम मोजता येतं की नाही याची खूण असते, क्रियापदाबरोबर काय येतं तेही दिलेलं असतं, आणि उदाहरणाची वाक्यं असतात. अर्थ माहीत असलेला शब्दही तिथे उघडून बघा. "डाउट" बघा. मराठीत शंका विचारतात आणि शंका घेतातही, इंग्रजी डाउट फक्त दुसऱ्या अर्थाचा, विश्वास नसण्याचा. मीटिंगमध्ये "आय हॅव अ डाउट" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की तुम्हाला त्यांचं म्हणणं पटलेलं नाही. विचारायचं असेल तर आय हॅव अ क्वेश्चन. स्पेलिंग ब्रिटिश ठेवा किंवा अमेरिकन, पण एका लेखनात एकच.

आता तो मेल. सगळा आठवत नाही, पण त्यातल्या चार ओळी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. "आय हॅव रिसीव्ड युअर मेल यस्टरडे. आय ॲम हॅविंग वन डाउट. वी डिस्कस्ड अबाउट धिस इन लास्ट मीटिंग. इफ यू विल सेंड मी रिपोर्ट, आय विल रिप्लाय यू टुडे इव्हिनिंग."

असा मजकूर एका फेरीत तपासला तर काहीतरी सुटतंच. चार फेऱ्या करा, प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बघायची. पहिली फेरी फक्त क्रियापदांची. यस्टरडे आहे म्हणून हॅव गेला, आय रिसीव्ड युअर मेल यस्टरडे. हॅविंगचं हॅव झालं. इफच्या बाजूचा विल गेला, इफ यू सेंड. दुसरी फेरी नामांची, प्रत्येक नामावर बोट ठेवून "कुठला ते कळलंय का?" विचारायचं. लास्ट मीटिंग कुठली ते दोघांना माहीत आहे, द लास्ट मीटिंग. रिपोर्टही ठराविक आहे, द रिपोर्ट. वन डाउटमध्ये मोजणी सांगायची नाहीये, अ हवा. तिसरी फेरी प्रिपोझिशनची, डिस्कस्ड धिस, रिप्लाय टू यू. चौथी फेरी वापराची, डाउटचं क्वेश्चन आणि टुडे इव्हिनिंगचं धिस इव्हिनिंग. झालं. "आय रिसीव्ड युअर मेल यस्टरडे. आय हॅव अ क्वेश्चन. वी डिस्कस्ड धिस इन द लास्ट मीटिंग. इफ यू सेंड मी द रिपोर्ट, आय विल रिप्लाय टू यू धिस इव्हिनिंग."

ग्रामर तपासणारं एखादं ॲप वापरत असाल तर या चार फेऱ्या झाल्यावरच ते चालू करा, आधी नको. त्याने काही बदललं की ते का बदललं हे स्वतः एका ओळीत सांगता येतं का बघा, नाही आलं तर ते वाक्य वहीत. आणि आर्टिकलच्या बाबतीत त्याच्यावर सगळं सोडू नका, कारण अ रिपोर्ट आणि द रिपोर्ट दोन्ही ग्रामरने बरोबर असतात, तुमच्या वाचणाऱ्याला कुठला रिपोर्ट ते माहीत आहे की नाही हे तुम्हालाच ठाऊक असतं.

वहीची उजळणी रोज सगळी करू नका. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून नवीन वाक्य दुसऱ्या दिवशी बघा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. बघताना उजवी बाजू झाका, खालचं मराठी वाचा आणि इंग्रजी तोंडाने म्हणा, मगच हात काढा. नुसतं वाचून "हो, येतं मला" वाटतं, म्हणायला गेलं की कळतं.

एखादं पान कधी बंद करायचं? ती रचना प्रत्यक्ष कामाच्या लिखाणात, विचार न करता, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा बरोबर आली की त्या पानावर तारीख टाकून आडवी रेघ मारा आणि पुढच्या पानाला लागा. माझं "पासून"चं पान दोन महिन्यांत बंद झालं, "तर"चं त्याच्याही आधी. "द"च्या पानाला पुरवणी पानं जोडावी लागली, आणि त्यात अजूनही अधूनमधून एखादं वाक्य जातं.